पाण्याखालचं माहेर

आमच्या वऱ्हाडात नवं माणूस भेटलं की पहिला प्रश्न नावाचा नसतो, गावाचा असतो. "कोन्या गावच्या बाई तुमी?" एस.टी.त शेजारी बसलेली म्हातारी विचारते, दवाखान्याच्या बाकड्यावरची विचारते, लग्नाच्या पंगतीत वाढणारी विचारते. गाव सांगितलं की पुढचं आपोआप सुरू होतं. कोणाची मामेबहीण त्या गावात दिलेली असते, कोणी तिथून बैलजोडी आणलेली असते. दोन-चार नावं जुळली की माणूस परकं राहत नाही. जात, पैसा, शिक्षण सगळं त्यानंतर.

मला या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. सासर अकोट तालुक्यातलं, ते सांगता येतं. माहेर विचारलं की मी म्हणते, "मोर्शीकडचं." म्हातारीचं समाधान होत नाही. "मोर्शीजवळ कोन्तं?" मग मी नाव सांगते. ती जरा आठवल्यासारखं करते आणि म्हणते, "थे तं बुडालं ना वो?"

हो, बुडालं. वर्धा नदी सातपुड्यात मुलताईच्या बाजूला उगम पावते आणि खाली येऊन अमरावती आणि वर्धा या दोन जिल्ह्यांची शीव होते. तिच्यावर मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याला धरण बांधलं. कागदावर ऊर्ध्व वर्धा प्रकल्प, लोकांच्या तोंडी अप्पर वर्धा. १९९३ साली ते पूर्ण झालं. जलाशयाला नाव दिलं नल-दमयंती सागर. ज्यानं दिलं त्यानं कौंडण्यपूरची, म्हणजे विदर्भाची लेक म्हणून दमयंतीचं नाव घेतलं असेल. पण मला दरवेळी वाटतं, राज्य हरवून रानोमाळ भटकलेल्या जोडीचं नाव या पाण्याला नेमकं बसलं. फरक एवढाच, की दमयंतीला शेवटी माहेरची वाट सापडली होती.

धरण होणार, हे मी चालायला लागले तेव्हापासून ऐकत होते. गाव दीडेकशे उंबरठ्यांचं. धाब्याची घरं, मधूनमधून कवेलूंची. काळी जमीन, त्यात पऱ्हाटी, तूर, ज्वारी आणि नदीच्या अंगाला संत्र्याच्या बागा. उन्हाळ्यात नदी बारीक झाली की भोयांच्या टरबूज-डांगराच्या वाड्या वाळूत लागायच्या. आम्ही पोरी वाळूत झिरे उकरून गुंडीनं पाणी भरायचो. गार, गोड पाणी. धरणाची गोष्ट निघाली की माझी आजी म्हणायची, "नदी काय कोनाच्या बापाची हाय अडवाले?" गावातली शहाणी माणसंही तेच म्हणायची. सरकारचं काम, होता होता आपली हयात निघून जाईल.

मग एक दिवस मोजणी आली. घराघराच्या भिंतीवर गेरूनं आकडे पडले. आमच्या भिंतीवर सत्तेचाळीस. त्या आकड्यानं गावाचं काय केलं, ते मोठी झाल्यावर मला समजलं. दरवर्षी मृगाच्या आधी धाब्यावर खारी माती टाकायची रीत होती. त्या वर्षी अर्ध्या गावानं टाकली नाही. "बुडनाऱ्या घराले कायले खारी माती?" पुढच्या वर्षी कोणीच टाकली नाही. घरं गळायला लागली. नवी विहीर कोणी खोदेना, संत्र्याची नवी कलमं कोणी लावेना. आमच्या गावात पोरी द्यायलाही लोक कचरायला लागले. लग्नाची बोलणी यायची आणि "पुढं कुठी राहनार हाय हे लोक?" या एका प्रश्नावर मोडायची. पाणी यायच्या सात-आठ वर्षं आधीपासूनच गाव असं बसल्या जागी मरत होतं. पाणी तर नंतर आलं.

नुकसानीची याद लिहायला माणसं आली तो दिवस मला चांगला आठवतो. आमच्या सपरीत सतरंजी टाकली होती. एक जण टेपनं मोजायचा, दुसरा सांगायचा, तिसरा लिहायचा. घर इतके हात लांब, इतके रुंद. भिंती मातीच्या. आडं, दांड्या, दरवाजे सागाचे. गोठा एक. विहीर, बांधीव. संत्र्याची झाडं, फळावर आलेली इतकी, न आलेली इतकी. बाबा सगळं हळू आवाजात सांगत होते. आजी पानाचं तबक घेऊन आली आणि तिथंच बसली. म्हणाली, "नदीवरचा धोंडा लिवला का?"

लिहिणाऱ्यानं मान वर केली. "कोणता धोंडा?"

"धुनं धुवाचा. मोठा, काया. साठ वर्सांपासून मी त्याच्यावर धुतो."

"कोणाच्या मालकीचा आहे, आजी?"

"कोनाच्या म्हंजे? आमा बायाचा."

"त्याचा सातबारा आहे का?"

सगळे हसले. बाबाही हसले. आजी नाही हसली. ती म्हणाली, "लिवत नसान तं नका लिवू. पन थो बी बुडनार हाय, एवढं ध्यानात ठेवजा."

पुढं शिकले, नोकरी लागली, पुनर्वसनाचे कायदे वाचले. महाराष्ट्रानं १९७६ साली प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, मग १९८६ चा आला, मग १९९९ चा. त्यांत गावठाण आहे, शाळा आहे, रस्ते आहेत, स्मशानभूमीसुद्धा आहे. नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. पण आजीचा प्रश्न कुठल्याच कलमात बसत नाही, कारण मोबदला मालकीच्या वस्तूंचा असतो. आणि गाव निम्म्याहून जास्त मालकी नसलेल्या वस्तूंचं असतं. नदीची वाळू कोणाची? आखरावर सकाळी गुरं जमायची ती सावली कोणाची? पांदणीतली बोरं, ई-क्लास जमिनीतलं गवत, बिब्बे, गोवऱ्यांसाठी वेचलेलं शेण, हे ज्यांच्याजवळ एक गुंठाही नव्हता त्यांचं अर्धं पोट भरत होतं. यादीत त्यांच्या नावापुढं एक झोपडी लिहिली गेली. तिचे पैसे मिळाले. बाकी सगळं तसंच पाण्यात गेलं.

आम्ही उठलो ते एका उन्हाळ्यात. घर मोडण्याचा आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला तो सांगता येत नाही. आडं काढलं की धाब्याची माती एकदम खाली येते आणि इतक्या वर्षांचा धूर, दाण्यांचा वास, जुन्या चुलीची राख सगळं एकाच वेळी नाकात जातं. दरवाजे, चौकटी, दांड्या बैलगाडीवर बांधल्या. आजीनं उखळ सोडलं नाही. मारोतीचा शेंदूर खरवडायला माणसं भीत होती, शेवटी भजनी मंडळातल्या म्हाताऱ्यांनी नारळ फोडून त्याला गाडीत बसवलं. बौद्धवाड्यातली माणसं बाबासाहेबांची तसबीर आणि पंचशील ध्वज घेऊन पायी निघाली. गाड्या शिवेवर आल्या तेव्हा गावातली कुत्री मागं धावत आली. काही नव्या गावठाणापर्यंत आली, काही परत फिरली. परत फिरलेल्यांचं पुढं काय झालं, हे आम्ही पोरं किती तरी दिवस एकमेकांना विचारत होतो.

नवं गावठाण माळावर होतं. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, एकही झाड नाही. प्लॉट चिठ्ठ्यांवर निघाले. जुन्या गावातला शेजार पार विस्कटला. बाबांना भिंतीला भिंत लागून राहिलेला चुलतभाऊ दोन ओळी सोडून मिळाला. रात्री चुलीवर भाजी कमी पडली तर वाटी घेऊन कोणाकडं जायचं, हे आईला महिनाभर समजत नव्हतं.

पण इथं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाही तर हे लिहिणं खोटं होईल. चिठ्ठीत आमच्या शेजारचा प्लॉट बौद्धवाड्यातल्या एका बाईंना मिळाला. आई आणि त्या वर्षानुवर्षं एकाच वावरात निंदायला बसलेल्या, पण जुन्या गावात त्यांची वस्ती वेगळी, विहीर वेगळी. नव्या गावठाणात सगळ्यांत मिळून एक हापशी होती. एका संध्याकाळी आई जुन्या गावच्या आठवणी काढून डोळे पुसत होती. काकू ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुमाले याद येते, आमाले बी येते बाई. नदीची येते, पोराईच्या खेयाची येते. पन त्या हिरीची नाई येत. ह्या हापशीले कोनाची जात समजत नाई, एवढं एक बरं झालं."

आई गप्प झाली. त्या रात्री बाबा म्हणाले, "तिचं खरं हाय." गाव गेल्याचं दुःख सगळ्यांचं सारखं नव्हतं. ज्यांचं गावात जास्त होतं त्यांचं जास्त गेलं. ज्यांना गावानं कडेला ठेवलं होतं, त्यांच्यासाठी सरळ रस्त्याचं आणि एका हापशीचं गावठाण थोडं तरी मोकळं होतं. विस्थापनावर बोलताना जुन्या गावाचं सोनं करून सांगणारी माणसं भेटली की मला काकूंचं ते वाक्य आठवतं.

पैशाचं काय झालं, हे घरोघरी तेच. मोबदला हप्त्यांनी आला. हातात एवढी रक्कम एकदम कधी पाहिलेली नव्हती. दोन पोरींची लग्नं झाली, सावकार मिटला, घराच्या भिंती उभ्या राहिल्या. ज्यांनी लगेच जमीन घेतली त्यांना बरड मिळाली, कारण बुडीत गावांतली सगळीच माणसं एकदम जमीन घ्यायला निघाली आणि भाव चढले. ज्यांनी थांबायचं ठरवलं त्यांच्याजवळ पैसे थांबले नाहीत. नदीकाठच्या काळ्या जमिनीत चारा-पाण्याची कधी चिंता न केलेले बाबा चाळीस मैलांवर घेतलेल्या कोरडवाहू तुकड्यात जाऊन-येऊन शेती करायला लागले. तीन वर्षांत तो विकला. पुढं ते गावठाणातल्या पारावर बसायचे. हात रिकामे असले की त्यांना ते कुठं ठेवावे हे समजत नसे. सतत मांडीवर घासत राहायचे.

प्रकल्पग्रस्ताचा दाखला घरात एकच. भाऊ दोन. दाखला मोठ्यानं घेतला, त्याला नोकरी लागली नाही. वय निघून गेलं तेव्हा तो दाखला धाकट्याच्या नावानं करायची धडपड सुरू झाली. एका कचेरीत आडनावाची वेलांटी चुकली म्हणून आठ महिने गेले. दोघं भाऊ वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. आजी म्हणाली, "पाण्यानं घर नेलं थे नेलं, कागदानं भाऊ नका नेऊ."

काका अमरावतीला गेले. आधी हमाली, मग एका दुकानात दिवाणजी. भाड्याच्या दोन खोल्या. काही वर्षांनी शहराच्या नळाला अप्पर वर्धाचं पाणी आलं. आज अमरावती आणि बडनेरा त्याच पाण्यावर आहे. काकांच्या घरी गेलं की ते तांब्या पुढं करून म्हणायचे, "घे बाई, माहेरचं पानी हाय. फक्त आता त्याचं बिल येते." ते हसून म्हणायचे, पण दरवेळी म्हणायचे.

माझं लग्न धरण भरण्याच्या दोन वर्षं आधी झालं. अकोट तालुक्याच्या दक्षिणेला, पूर्णेच्या खोऱ्यात सासर. त्या मुलखाला खारपाणपट्टा म्हणतात. जमीन लोण्यासारखी काळी, पण खाली पाणी खारट. विहीर खोदली तर पिता येत नाही, पिकाला देता येत नाही, डाळ शिजत नाही. लग्नानंतर पहिल्या सकाळी मी चूळ भरली आणि थुंकली. सासूबाई म्हणाल्या, "सवय होईन." वाळूतल्या झिऱ्याचं पाणी प्यायलेल्या माझ्या तोंडाला ती सवय कधी झाली नाही. पुढं वान प्रकल्पावरून ८४ खेडी योजनेचं पाणी आलं तेव्हा मी पहिला घोट घेतला आणि थांबले. वानचं धरण सातपुड्याच्या पायथ्याशी. या पाण्याखाली कोणाचं काय असेल, असं मनात आलं. ज्याचं गाव एकदा बुडालेलं असतं, त्याला धरणाचं पाणी नुसतं पाणी म्हणून पिता येत नाही.

बाईचं गाव तसंही एकदा सुटतंच. लग्नात आम्हाला कोणी मोबदला देत नाही, पुनर्वसनाचा दाखला देत नाही. आजी म्हणायची, "बाईचं सुटते, पन वापस याले जागा तं राहते." माझं तेच राहिलं नाही. आखाजीला, पोळ्याला सासरच्या गल्लीतल्या सगळ्या जणी माहेरी जायच्या. मीही जायचे. अकोटहून अंजनगाव, परतवाडा, चांदूरबाजार, मोर्शी, सगळा दिवस लाल डब्यात. पण जिथं उतरायचे ते मी वाढले ते गाव नव्हतं. तिथल्या गल्लीत मी कधी लंगडी खेळले नव्हते. तिथं भुलाबाईची गाणी म्हणत हिंडलेलं एकही दार नव्हतं. आई तिथं होती, म्हणून ते माहेर.

एका दुष्काळी उन्हाळ्यात जलाशय खूप खाली गेला, तेव्हा भाऊ मला घेऊन गेला. चिखल वाळून त्याच्या भेगा पडलेल्या. त्यात आमच्या विहिरीची गोल दगडी कड वर आलेली होती. आत गाळ भरलेला. आजूबाजूला खापरांचे तुकडे, एक जातं, संत्र्याच्या झाडांचे काळे खुंट ओळीत. गाव नकाशासारखं जमिनीवर पडलेलं होतं. मी आजीचा धोंडा शोधला. नदीची जुनी धार अजून त्याच्याही खाली होती. तो दिसला नाही. आजी तोवर गेलेली होती.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मला नोकरी लागली आणि काही वर्षांनी बदली होऊन मी अकोटच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळेत गेले. तिथं माझ्या वर्गात कोरकू पोरं आली. मेळघाटात १९७३-७४ साली व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांतला तो एक. वाघाच्या गाभ्यात माणसाची वस्ती नको, म्हणून गावं बाहेर काढायचं ठरलं. या शतकाच्या सुरुवातीला बोरी, कोहा आणि कुंड ही गावं अमरावती जिल्ह्यातल्या डोंगरावरून उतरून अकोट तालुक्यात आली. पुढं कुटुंबामागं दहा लाखांचं पॅकेज आलं आणि अमोना, नागरतास, बारूखेडा, धारगड, सोमठाणा, केलपाणी, गुल्लरघाट अशी आणखी गावं उतरली.

पोरं वर्गात गप्प बसायची. मराठी त्यांना परकी. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, आपल्या बोलीशी तिचं काही नातं नाही. एका मुलीला मी पाण्याचं चित्र दाखवून विचारलं, "हे काय?" तिनं हळूच सांगितलं, "डा." मी फळ्यावर "पाणी" लिहिलं आणि शेजारी "डा" लिहिलं. सगळा वर्ग हसला. आपला शब्द फळ्यावर लिहिता येतो, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं होतं. मग मी वाघ काढला. "कुला!" सगळी एकदम ओरडली. ज्याच्यासाठी त्यांनी गाव सोडलं त्याचं नाव त्यांना न विचारता येत होतं.

त्या मुलीला शाळेत सोडायला तिचा आजा यायचा. हातात काठी, डोक्याला फेटा. शाळा सुटेपर्यंत तो व्हरांड्याच्या कडेला बसून राही. एकदा मी त्याला चहा दिला आणि त्यानं विचारलं, "मॅडम, तुम्हारा गाव कौनसा?" मी सांगितलं. धरण, नदी, बुडालं. तो बराच वेळ डोंगराकडं पाहत होता. डोंगर शाळेतून दिसतो. मग म्हणाला, "तुम्हारा अच्छा है. पानी में गया, तो गया. हमारा गाव उधरीच है. महुआ का पेड़ है, कुआँ है, मुठवा देव है. खाली हम नहीं है."

मला उत्तर सुचलं नाही. तोवर मला वाटत होतं की बुडणं हीच सगळ्यांत वाईट गत. माझं गाव मला दिसत नाही म्हणून मी हळूहळू शांत झाले होते. त्याचं गाव रोज समोर दिसत होतं. श्रावणात धारगडच्या महादेवाची यात्रा भरते तेव्हा अकोटकडची माणसं डोंगर चढतात. आजाही त्यांच्यात मिसळून जायचा आणि दोन दिवसांनी परत यायचा. कुठं गेला होता, हे त्याला कोणी विचारत नसे.

त्याचं सगळ्यांत मोठं दुःख वेगळंच होतं. कोरकू माणसं मेलेल्याच्या नावानं सागाचा मुंडा उभा करतात. लाकडी खांब, त्यावर सूर्य, चंद्र आणि घोड्यावर बसलेला माणूस कोरलेला. त्याआधी सिडोलीचा विधी, गावजेवण, नाच. त्याच्या बायकोचा मुंडा वरच राहिला होता. मुंडा उपटून आणता येत नाही. तो मला म्हणाला होता, "दस लाख में उसका हिसाब नहीं था." मला आजीचा धोंडा आठवला. दोन जिल्हे, दोन भाषा, दोन प्रकल्प, आणि यादीत न बसलेली वस्तू तीच, मालकी नसलेली.

डोंगरावरून उतरलेल्या काही गावांतल्या लोकांना जे सांगितलं होतं ते मिळालं नाही, अशी त्यांची तक्रार होती. शेतीची जमीन, दवाखाना, काम. खाली आल्यावर माणसं दगावली, असं ते सांगत. २०१९ च्या जानेवारीत त्यांतली बरीच माणसं पोराबाळांसकट परत जंगलात गेली. तिथं वनखातं, पोलीस आणि गावकरी यांच्यात संघर्ष झाला, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. त्या आठवड्यात माझ्या वर्गातली निम्मी बाकं रिकामी होती. आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये माझ्या माहेरच्या बाजूची माणसं, अप्पर वर्धाचे प्रकल्पग्रस्त, मुंबईला मंत्रालयात गेली आणि तिथल्या संरक्षक जाळीवर उड्या टाकून बसली. टीव्हीवर मी ती जाळी पाहत होते. धरण भरून तीस वर्षं झाली होती. जाळीवरच्या कितीतरी जणांचा जन्म गाव बुडाल्यानंतरचा असावा. तरी ती "आमचं गाव" म्हणत होती.

माझ्या बाबांनी मात्र शेवटी काही मागितलं नाही. ते गावठाणातच गेले. तिथल्या स्मशानात, टिनाच्या शेडखाली त्यांना नेलं. राखेचा प्रश्न निघाला. चुलते म्हणाले, कौंडण्यपूरला नेऊ, रीत आहे. थोरला भाऊ म्हणाला, "कौंडण्यपूरची नदी तीच हाय. मंग आपल्या गावातच काऊन नाई?" एका भोयाची नाव केली. बाया जात नाहीत, पण मी गेले. समोरचा टेकडा आणि पलीकडच्या देवळाचा कळस एका रेषेत आला तेव्हा भाऊ म्हणाला, "थांब. खाली आखर हाय." नाव थांबली. तिथून पुढं भोयानं अंदाजानं वल्हवलं. भाऊ हातानं दाखवत होता, "हे चावडी. हे मारोती. आता आपली गल्ली." सत्तेचाळीस नंबरच्या घरावर आम्ही राख सोडली. पाणी खोल, हिरवं. राख थोडा वेळ वर तरंगली आणि मग खाली गेली.

पुढच्या आखाजीला मी आईकडं गेले. आखाजीला पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरायची असते. आतापर्यंत आमच्या घरची घागर आजा-पणजाची, जुन्या गावातल्या माणसांची. यंदा पहिल्यांदा गावठाणात मेलेल्या माणसाची घागर भरायची होती. आईनं हापशीवरूनच पाणी आणलं. शेजारच्या काकू येऊन बसल्या. आईनं घागरीवर आंबा ठेवला, हात जोडले आणि मला म्हणाली, "तुहा बाप आता या गावचा झाला."

मी तिच्याकडं पाहिलं. इतकी वर्षं आमच्या घरात "गाव" म्हणजे पाण्याखालचं आणि हे "पुनर्वसन". "मी पुनर्वसनात हावो," असं ती फोनवर सांगायची. एस.टी.चा कंडक्टरही "पुनर्वसनवाले उतरा" असंच ओरडायचा. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या तोंडून माळावरच्या त्या चौकोनी प्लॉटांना "गाव" हा शब्द निघाला. तो कोणत्याही पॅकेजमध्ये आलेला नव्हता, आणि त्याला पंचवीस वर्षं लागली. त्यासाठी एक माणूस जाळावं लागलं. जमीन, पाणी, नोकरी, दवाखाना हे देता येतं आणि जे कबूल केलं ते दिलंच पाहिजे, वेळेत दिलं पाहिजे. पण गाव कोणाला देता येत नाही. ते राहता राहता होतं, आणि म्हणूनच ते मोडताना दहा वेळा विचार करावा लागतो.

गेल्या उन्हाळ्यात माझी ती जुनी विद्यार्थिनी शाळेत आली. कडेवर पोरगं. तिचा आजा तीन वर्षांपूर्वी गेला होता आणि आता त्याचा मुंडा बसवायचा होता. मॅडमनी यायचंच, असं तिचं म्हणणं. मी गेले. ढोल वाजत होता, मोठ्या पातेल्यात जेवण शिजत होतं. मुंडा कुठं उभा करायचा यावर त्यांच्यात पुष्कळ दिवस बोलणं चाललं होतं. काही म्हणत होते, रात्री डोंगरावर नेऊन बायकोच्या मुंड्याशेजारी पुरू. शेवटी वस्तीच्या बाहेर, निंबाच्या झाडाखाली जागा ठरली. नवं सागाचं लाकूड, अजून पिवळं. त्यावर सूर्य, चंद्र, घोडेस्वार.

तिनं पोराला खाली उतरवलं. ते मुंड्याला हात लावून उभं राहिलं. मी विचारलं, "आजीचा वरच राहिला ना?"

"हो मॅडम," ती म्हणाली. "आजी वर, आजा इथं. आता आमची दोन गावं झाली."